सव्वा तासाचं विमान

दोन-तीन वर्षं आमच्या घरात माझी म्हणून एक गोष्ट होती. पाहुणे आले, जेवणं उरकली आणि गप्पा जरा पातळ व्हायला लागल्या की बायको म्हणायची, "अहो, ते अलास्कातलं विमान सांगा ना." मग मी थोडे आढेवेढे घ्यायचो, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर नीट बसायचो आणि सुरू करायचो. त्या गोष्टीत एक वजनकाटा होता, एक झाडू होता, बास्केटबॉल घेतलेल्या दोन मुली होत्या. लोक हसून हसून डोळे पुसायचे. ती गोष्ट इथे पुरी लिहितो आहे, कारण घरी मी जी सांगायचो तिचा पहिला अर्धा भाग तेवढा खरा होता.

गोष्टीत दोन गावं आहेत, अलास्काच्या पार वरच्या, पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर. त्यांची नावं लिहीत नाही. तिथे तेव्हा एकच मराठी डॉक्टर होता, आणि नाव कळल्यावर तो कोण हे शोधायला आपल्या लोकांना एक फोन पुरतो. घरात आम्ही एकाला अलीकडचं गाव म्हणायचो आणि दुसऱ्याला पलीकडचं. इथेही तसंच म्हणतो.

मी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ ॲन आर्बरला एका कन्सल्टिंग कंपनीत इंजिनियर होतो. थंड मुलखात पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून काय करावं, हे लोकांना सांगणं हे माझं काम. मराठी मंडळात मात्र माझी कीर्ती वेगळ्याच कारणाने होती. ऑफिसात जुनं झालं म्हणून टाकून दिलेलं, विमानांच्या वेळापत्रकांचं एक जाडजूड पुस्तक मी घरी उचलून आणलं होतं. तेव्हापासून कोणाची आई यायची असो, कोणाची बहीण परत जायची असो, फोन मला. लंडनवरून बरं की फ्रँकफर्टवरून? मधे किती तास बसावं लागेल? मी चष्मा कपाळावर चढवून पानं उलटायचो आणि एखाद्या वैद्याने नाडी बघून सांगावं तसं सांगायचो. बायको मला चौकशीची खिडकी म्हणायची. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही महिनाभर भारतात गेलो होतो. साताऱ्याला माझ्या बहिणीच्या शेजारी एक काकू राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे तो डॉक्टर, पलीकडच्या गावातल्या हॉस्पिटलात. दोन वर्षांपूर्वी काकूंचे यजमान गेले तेव्हा धुक्यामुळे त्याच्या गावातून विमानच सुटेना, आणि त्याला साताऱ्याला पोचायला सहा दिवस लागले. दहाव्याच्या आत आला एवढंच. त्यानंतर तो पुन्हा घरी आला नव्हता.

"आधी पत्राच्या चारी कडांनी लिहायचा," काकू मला म्हणाल्या. "चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा. आता चार ओळी. मी ठीक आहे, तू औषध घे, थंडी आहे. थंडी आहे हे मला माहीत नाही का?"

बहीण म्हणाली, "काकू, कामात असेल हो तो."

"असेल. पण मला ते कोणीतरी डोळ्यांनी बघून सांगायला हवं."

आता इथे गप्प बसणारा माणूस असता तर ही गोष्ट झालीच नसती. मी म्हणालो, "काकू, फेब्रुवारीत कंपनीच्या कामाला मी त्याच बाजूला जाणार आहे. शेजारच्याच गावात."

दुसऱ्या दिवशी काकू एक गोधडी घेऊन आल्या. वर त्यांचं जुनं जांभळं नऊवारी लुगडं, आत यजमानांची धोतरं, आणि सगळीकडून बारीक धावदोरा. अमेरिकेला जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत प्रत्येकाने काही ना काही कोंबायचं असतं, आणि त्याने "एवढंच ना?" म्हणून घ्यायचं असतं. लोणच्याच्या बरण्या, मेतकूट, कोणाच्या सुनेसाठी काचेच्या बांगड्या, असं सगळं मी आजवर नेलेलं आहे. गोधडीसाठी आमचा मिक्सर साताऱ्यालाच राहिला.

"भाऊ, पोस्टाने नका पाठवू," काकू म्हणाल्या. बहिणीचा भाऊ म्हणून त्या मला भाऊच म्हणायच्या. "त्याच्या हातात द्या. आणि बघून या. वाळलाय का, हसतो का, खातो का. चांगलं असेल तर चांगलं लिहा, वाईट असेल तर वाईट. पण बघून लिहा."

"अगदी बघून लिहितो," मी म्हणालो.

ॲन आर्बरला परत आल्यावर पहिलं काम केलं ते अंतर काढायचं. मुलीच्या खोलीत भिंतीवर अमेरिकेचा नकाशा होता. त्यात अलास्का डाव्या कोपऱ्यात, मेक्सिकोच्या शेजारी, एका चौकटीत. दोन गावांचे दोन ठिपके. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन मी ते अंतर धरलं आणि दोरा नकाशाखालच्या मोजपट्टीवर ठेवला. पंचेचाळीस मैल! म्हणजे इथून डेट्रॉइट. लगेच काकूंना पत्र टाकलं: टॅक्सीने तासाभराचा रस्ता आहे, काळजी करू नका, एखादे दिवशी जाऊन जेवूनच येतो.

पत्र पेटीत पडल्यावर दोन दिवसांनी आमची नऊ वर्षांची मुलगी दोरा लावलेल्या भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट हाऊ यू डू इट." चौकटीतल्या अलास्काची मोजपट्टी वेगळी होती, त्याच चौकटीत, मुंगीएवढ्या आकड्यांत. अख्खा अलास्का बसवायला तो तिथे दाबून लहान केलेला असतो, हे तिला चौथीच्या बाईंनी शिकवलं होतं. मला इंजिनियरिंगला कोणी शिकवलं नव्हतं. खरं अंतर निघालं एकशेऐंशी मैल. आणि रस्ता? रस्ता नव्हताच. त्या गावातून त्या गावात, कुठल्याही गावातून कुठल्याही गावात, रस्ता नव्हता. लहान विमान जायचं, सव्वा तास.

"चौकशीची खिडकी दुपारच्या जेवणासाठी बंद," बायको म्हणाली.

मी डॉक्टरला फोन लावला. आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा आला. मी कोण, कुठला, हे सांगितलं.

"तुम्ही इथे येणार?" तो म्हणाला. "इथे कोणी येत नाही."

"सव्वा तासाचं तर विमान आहे," मी म्हणालो. एव्हाना मला सगळं माहीत होतं.

"हो, हो, सव्वा तासच. मी विमानावर येतो घ्यायला. जेवायला काय करू? तांदूळ आहे, बेसन आहे. हिंग, बघतो, हिंगसुद्धा आहे थोडा." मग जरा थांबून, "मराठी बोलून फार दिवस झाले. चुकलं तर हसू नका."

फेब्रुवारीत मी अलीकडच्या गावात पोचलो. तिथल्या शाळेचे पाइप फुटले होते. तीन दिवस मी ते बघितले, मापं घेतली, आणि चौथा दिवस डॉक्टरसाठी ठेवला होता. दुपारनंतर विमानाने जायचं, रात्री तिथे राहायचं, सकाळी परत.

त्या विमानाचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि एक काउंटर. काउंटरमागच्या बाईने नाव विचारलं, आणि मग, कॉफीत साखर किती असं विचारावं तसं, "वजन?"

मी म्हणालो, "दीडशे पाउंड."

तिने माझ्याकडे बघितलं. कोटाच्या गळ्यापासून कोटाच्या शेवटच्या बटणापर्यंत. मग काही न बोलता पेन्सिलीने कोपऱ्यातल्या मालाच्या काट्याकडे बोट केलं. मी भारतातून महिनाभर राहून आलेला माणूस. बहिणीने रोज तूप वाढलेलं. काटा एकशे ब्याऐंशीवर जाऊन थरथरला. ते तिने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचलं, कारण विमान लहान, आणि कोणी कुठे बसायचं ते वजनावर ठरायचं. कोपऱ्यात शाळेच्या दोन मुली मांडीवर बास्केटबॉल घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या गावात त्यांची मॅच होती. त्या एकमेकींकडे बघून खालमानेने हसल्या. मीही हसलो. काय करणार?

इथपर्यंत सगळं मजेतच होतं. मग मी खिडकीतून बाहेर बघितलं.

विमान उभं होतं, आमच्या स्टेशन वॅगनपेक्षा थोडं मोठं. आणि एक तरुण माणूस, तोच आमचा पायलट, हातात घरात असतो तसा झाडू घेऊन विमानाचे पंख झाडत होता. साताऱ्याला बहीण सकाळी अंगण झाडते तसा, पुढून मागे, मागून पुढे. पंखांवरचं गोठलेलं दव खाली पडत होतं. तो शीळ घालत होता.

मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हे असंच करतात, पंखावर बर्फ राहिला तर विमान उचलत नाही, म्हणून झाडणं हेच बरोबर. मी इंजिनियर आहे. मला ते कळत होतं. पण कळणं एका बाजूला आणि पाय एका बाजूला. पायांनी ऐकलंच नाही. बाईने नावं पुकारली, मुली उठल्या, बॉल आपटत बाहेर गेल्या, आणि मी काउंटरला धरून उभा राहिलो.

"माझ्या पोटात दुखतंय," मी म्हणालो.

बाईने पुन्हा माझ्याकडे बघितलं. यावेळी हसली नाही. "बॅग पाठवायची का?"

मी गोधडी बाहेर काढली. तिने ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरली, वर पट्टी चिकटवली, आणि मी त्यावर डॉक्टरचं नाव आणि हॉस्पिटल असं लिहिलं. एका मुलीने पिशवी मांडीवर घेतली, बॉलच्या वर. दार लागलं. विमान घरघरलं, धावलं, उठलं. आकाश स्वच्छ होतं, इतकं निळं की डोळ्यांत पाणी यावं. विमानाचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत मी खिडकीशी होतो. मग मोटेलात गेलो आणि चीज सँडविच मागवलं. पोटात काहीच दुखत नव्हतं. सँडविच संपवून मी दुसरं मागवलं, हेही लिहून ठेवतो.

दोन तासांनी डॉक्टरला फोन केला. काय सांगायचं ते सँडविच खाताना ठरवलं होतं.

"डॉक्टर, काय सांगू, हवा एकदम खराब झाली हो. विमानच कॅन्सल केलं त्यांनी."

बोलून गेलो आणि मग, फोन कानाला धरून, मला कळलं की मी काय बोललो. माझं कॅन्सल झालेलं विमान वेळेवर पोचलं होतं. दोन मुली, एक बॉल आणि गोधडी घेऊन.

"हो का," तो म्हणाला. थोडं थांबून, "गोधडी मिळाली." आणि मग, अगदी हळू, एखाद्या पेशंटला सांगावं तसं, "इकडच्या हवेचं काही खरं नाही. क्षणात बदलते. पुन्हा कधीतरी या."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्याने मला पकडलं होतं आणि लगेच सोडूनही दिलं होतं. चूक पकडली जाण्याची सवय आहे मला, घरात बायको आणि मुलगी आहेत. असं सोडून दिलं जाण्याची नव्हती.

डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर बायको आणि मुलगी घ्यायला आल्या होत्या. बॅगा उचलायच्या आधीच बायकोने विचारलं, "भेटलात? कसा आहे हो?"

"छान आहे," मी म्हणालो.

खोटं बोलायला मला एवढाच वेळ लागला. पुढचं मग आपोआप आलं. काटा, झाडू, मुली हे सगळं होतंच. त्याच्यापुढे मी गोठलेला समुद्र जोडला, हलणारे पंख जोडले, मला पायलटच्या शेजारी बसवलं, आणि डॉक्टरच्या घरी पिठलं-भात खाल्ला. हिंग घातलेला. मुलीने विचारलं, "वॉज इट यमी?" मी म्हणालो, "खूप."

काकूंना लिहिलं: मुलगा मजेत आहे. तब्येत सुधारली आहे. हसतमुख आहे. गोधडी बघून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्यांचं उत्तर आलं ते चारी कडांनी भरलेलं. पिठलं पातळ होतं की घट्ट? पायात लोकरीचे मोजे होते का? पुढचे केस मागे गेलेत का, त्याच्या वडिलांचे लवकर गेले होते. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. घट्ट. होते. नाही, अजून दाट आहेत.

जवळजवळ दोन वर्षांनी, डिसेंबरात, पुन्हा साताऱ्याला गेलो तेव्हा काकूंनी बहिणीच्या ओट्यावर शेजारच्या चार बायका जमवून ठेवल्या होत्या. "भाऊ, सांगा बरं सगळं, पहिल्यापासून." मी सांगितलं. झाडूपाशी सगळ्या हसल्या. त्याच्या पुढे काकू हसल्या नाहीत. पापणी न हलवता ऐकत होत्या, आणि मी गोठलेल्या समुद्रावरून उडत राहिलो. निघायच्या दिवशी त्यांनी मला एक गोधडी आणून दिली. त्याच धोतरांची, वर हिरवं लुगडं.

"ही तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी एवढ्या लांब गेलात. कोण जातं?"

ती गोधडी मी आणली. बायकोने कौतुकाने पलंगावर घातली. मी पहिल्याच रात्री ती पायाशी लोटली आणि सांगितलं, उकडतं. जानेवारी होता. खिडकीला आतून बर्फ धरला होता. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीत एडिसनला मेव्हणीकडे गेलो. तिथे साताऱ्याहून बहिणीचा फोन आला की डॉक्टर कुठल्याशा कॉन्फरन्सला तिकडेच आलाय, काकूंनी त्याला मेव्हणीचा नंबर दिलाय, आणि त्याला भेटायचं आहे. शेजारच्या आयसेलिनला एका हॉटेलात भेटायचं ठरलं. माझं जे काय व्हायचं ते होणार होतं, आणि बायकोसमोर होणार होतं. मी दारातूनच त्याला शोधलं. म्हणजे शोधावं लागलं. मला तो कसा दिसतो हेच माहीत नव्हतं. माझ्या पत्रातल्या दाट केसांच्या, हसतमुख माणसाला मी शोधत होतो. कोपऱ्यातून एक उंच, वाळलेला माणूस उठला.

"या, या," तो म्हणाला. "कसे आहात? बरेच दिवसांनी."

बरेच दिवसांनी! बायको म्हणाली, "तुमच्या हातचं पिठलं ह्यांना अजून आठवतं हं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात."

त्याने माझ्याकडे बघितलं. फार नाही, पाणी पिता पिता बघावं तेवढंच. "हो ना, वहिनी," तो म्हणाला. "दोनदा वाढून घेतलं त्यांनी."

डोसा आला, तो मी खाल्ला. नंतर बायको आणि मेव्हणी साड्या बघायला समोरच्या दुकानात गेल्या, आणि आम्ही दोघं पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे राहिलो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "तुम्ही काकूंना कधी सांगितलं नाहीत?"

"तिने तुमचं पत्र मला पाठवलं होतं. कॉपी करून, स्वतःच्या अक्षरात. विचारलं होतं, खरं ना रे सगळं? मी लिहिलं, हो."

"का पण?"

"तुमचं पत्र आल्यापासून तिला झोप लागायला लागली होती. कसं नाही म्हणू?" तो बुटाच्या टोकाने डांबरावरचा खडा सरकवत होता. "त्या हिवाळ्यात मी बरा नव्हतो. ड्यूटीवर सगळं ठीक. घरी आलो की भिंतीकडे बघत बसायचो. बाबांच्या वेळचे ते सहा दिवस डोक्यातून जायचे नाहीत. तुम्ही येणार म्हणून मी त्या दिवशी दाढी केली, किती तरी आठवड्यांनी. घर झाडलं. शेजाऱ्याकडून एक खुर्ची आणली, माझ्याकडे एकच होती."

मी गाडीच्या किल्ल्या या खिशातून त्या खिशात टाकल्या.

"एका परीने बरंच झालं, नाही आलात," तो म्हणाला. "तुम्ही आला असतात तर माझी अवस्था दिसली असती. आणि मग तुम्ही आईला खरं ते लिहिलं असतंत."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. तो अगदी मनापासून म्हणत होता. मी खरं लिहिणारा माणूस आहे, यावर त्याचा अजून विश्वास होता. माझी अडचण फक्त विमानाची झाली, असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने परत निघालो. अख्खं पेनसिल्व्हेनिया मी गप्प होतो. मुलगी मागे झोपली होती. ओहायो लागल्यावर बायको म्हणाली, "काय झालंय?" आणि मी सांगितलं. झाडूपासून पुढचं सगळं, म्हणजे पुढे काहीच नव्हतं ते.

"मला एअरपोर्टवरच सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "मी हसले असते. झालं असतं." मग मैलभराने, "किती जणांसमोर मी तुम्हाला ती गोष्ट सांगायला लावली." आणि आणखी पुढे गेल्यावर, "पत्र लिहा त्यांना."

ते पत्र मला चार दिवस पुरलं. पहिल्या ओळीत लिहिलं की मागच्या वेळी मी तुमच्या मुलाला भेटलो नव्हतो, विमानात बसायला घाबरलो, गोधडी दुसऱ्याच्या हाती पाठवली, आणि तुम्हाला लिहिलं ते सगळं खोटं होतं. मग लिहिलं: आता मात्र भेटलो. वाळला आहे. पुढचे केस गेले आहेत, कानांजवळचे पांढरे झालेत. हसतो, पण हसून झालं की लगेच खाली बघतो. हातांची कातडी फुटली आहे. जेवला बरा, पण आणखी घ्या असं दोनदा सांगावं लागलं. तुमची आठवण काढली की गप्प होतो. तिकडे एकटा आहे.

काकूंचं उत्तर आलं नाही. महिन्याभराने बहिणीचं पत्र आलं. काकूंनी माझं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून देवाच्या पाटाखाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे येऊन पासपोर्टचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. "म्हणतात, आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी पुरे. आणि तुला विचारायला सांगितलंय, शेवटचं विमान किती वेळाचं?"

"सव्वा तासाचं," मी उलट टपालाने कळवलं. बायकोने माझ्या हातून पत्र घेऊन खाली एक ओळ लिहिली: हे सोबत येतील.

पुढच्या जूनमध्ये काकू आल्या. मुंबईहून लंडन, लंडनहून डेट्रॉइट, आमच्याकडे आठ दिवस, मग मी त्यांच्याबरोबर सिॲटल, अँकरेज, अलीकडचं गाव. नऊवारी, पायात माझ्या बायकोचे बूट, अंगात तिचाच जाड कोट. सबंध वाटेत त्या माझ्याशी सगळं बोलल्या. बहिणीच्या गुडघ्याबद्दल, साताऱ्याच्या नळाबद्दल, विमानातल्या बेचव भाताबद्दल. पत्राबद्दल एक शब्द नाही. मी प्रत्येक विमानात वाट बघत होतो, आता काढतील, आता काढतील. त्यांनी विषय काढला असता तर मला माफी मागता आली असती. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

काउंटर तोच होता. बाई तीच की दुसरी, नक्की सांगता येत नाही, पण तिने तसंच विचारलं, "वजन?" मी तोंड उघडायच्या आत काकू जाऊन काट्यावर उभ्या राहिल्या, हातात दशम्यांचा डबा.

"डबा धरून की सोडून, विचारा हो," त्या म्हणाल्या. मी विचारलं. बाई म्हणाली, धरूनच, डबापण येणार ना? काकू काट्यावर हसायला लागल्या आणि काटा हलायला लागला. माझी पाळी आली तेव्हा मी एकशे नव्वद सांगितलं. बाईने मला काट्यावर पाठवलंच नाही.

मला पायलटच्या शेजारी बसवलं. माझ्या गोष्टीत मी तिथेच बसलो होतो. काकू माझ्या मागे, खिडकीशी. समुद्र गोठलेला नव्हता, जून होता. खाली काय होतं ते मला माहीत नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते आणि गुडघे दोन्ही हातांनी धरले होते. काकूंचा आवाज अधूनमधून इंजिनावरून यायचा, "भाऊ, ते बघा!" मी बघितलं नाही. एकदा विमान खाली बसल्यासारखं झालं आणि मी मोठ्याने ओरडलो. पायलटने मला च्युइंगम दिलं.

मग चाकं टेकली, खडी उडाली, आणि पुढचा पंखा हळूहळू थांबला. मी डोळे उघडले. काचेपलीकडे तो उंच माणूस धावपट्टीच्या कडेला उभा होता. दाढी केलेली. काकूंनी त्याला बघितलं होतं. त्यांचा पट्टा आधीच सुटला होता. उठता उठता त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागाने नाही, आधाराला ठेवतात तसा.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "एवढंच होतं होय?"

मी घड्याळ बघितलं. चौकशीच्या खिडकीची सवय. एक तास बारा मिनिटं झाली होती.

"हो, काकू," मी म्हणालो. "एवढंच."